इकेबानाचा, म्हणजे जपानी पुष्परचनेचा, गट जमवताय?

हॉल शोधत बसू नका. कुणाच्या तरी घरचं जेवणाचं टेबल आणि नियमित येणाऱ्या चार जणी, एवढ्यावर गट उभा राहतो.

फुलं पहाटे दादरच्या फूलबाजारातून सगळ्यांसाठी एकत्र आणा, म्हणजे खर्च वाटला जातो. फांद्यांसाठी मात्र सोसायटीच्या माळ्याशी ओळख ठेवा. छाटणीच्या दिवशी जास्वंद-क्रोटनच्या सुरेख वळणाच्या फांद्या मिळतात. देठ पाण्याखाली तिरका कापा, नाहीतर आपल्या उकाड्यात फूल दुपारीच मान टाकतं.

सुरुवातीला शैली एकच धरा. सोफू तेशिगाहारांनी १९२७ साली सुरू केलेली सोगेत्सु मला नवशिक्यांसाठी आवडते, कारण मापं स्पष्ट आहेत. भांड्याची रुंदी अधिक उंची, त्याच्या दीडपट ते दुप्पट मुख्य फांदी. दुसरी तिच्या पाऊण, तिसरी दुसरीच्या पाऊण. माप अंगवळणी पडलं की हात मोकळा होतो. केन्झान, तो खिळ्यांचा जड ठोकळा, प्रत्येकीने स्वतःचा घ्यावा.

रचना झाल्या की लगेच चहाकडे वळू नका. प्रत्येकीच्या रचनेसमोर थांबा, शिकवणारीने एखादीच फांदी हलवून फरक दाखवावा. माणसं टिकतात ती यामुळे, हे माझं ठाम मत. आणि पुढची तारीख तिथेच ठरवून उठा.