गावात वीज पोचली, हे ठरवतं कोण?

प्रश्न : मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय संख्याशास्त्र. देशातले रस्ते, वीज, पाणी मोजण्याच्या कामात जायचं म्हणते. हे आकडे भरायचं कारकुनी काम ना? तिला बँकेच्या परीक्षांकडे वळवू का? – एक पालक, लातूर

उत्तर : वळवू नका. हे काम कारकुनी का नाही, ते आधी सांगते.

१९९७ पूर्वी गावाच्या महसुली हद्दीत कशासाठीही वीज वापरली जात असली, की गावाचं विद्युतीकरण झालं असं धरत. मग ती शिवारातल्या एका पंपापुरती का असेना. २००४ मध्ये व्याख्या कडक झाली : निदान १० टक्के घरांत वीज हवी, शाळा-ग्रामपंचायतीतही हवी. त्याच व्याख्येवर २८ एप्रिल २०१८ रोजी मणिपूरमधलं लेइसांग हे देशातलं शेवटचं गाव जोडलं गेलं. पण या मोजमापात ९० टक्के घरं अंधारात राहिली तरी गाव यादीत बसत होतं! घरोघरी जोडणीसाठी २०१७ मध्ये सौभाग्य योजना वेगळी आणावी लागली. वीज दिवसाला किती तास टिकते, हा आणखी निराळा प्रश्न. काय मोजायचं हे चुकलं, की पैसाही चुकीच्या जागी जातो. केंद्र सरकार निवडक घरांत जाऊन राष्ट्रीय नमुना पाहणी करतं. तिच्या ७६व्या फेरीत पाण्याचा स्रोत विचारलाच, शिवाय तो वर्षभर पुरतो का हेही विचारलं. लातूरकरांना त्या प्रश्नाचं मोल वेगळं सांगायला नको. असे प्रश्न सुचणारी माणसं आकडेवारीच्या सरकारी खात्यांत हवी आहेत, आणि तुमच्या मुलीला ती ओढ आहे.

आता वाट. यूपीएससीची भारतीय सांख्यिकी सेवा परीक्षा संख्याशास्त्राच्या पदवीवर देता येते. वय २१ ते ३०. जागा थोड्या असतात, म्हणून केंद्राच्या कर्मचारी निवड आयोगाच्या (एसएससी) पदवीधरांसाठीच्या सीजीएल परीक्षेतून कनिष्ठ सांख्यिकी अधिकारी पदासाठीही अर्ज करू द्या. मूळ वेतन पहिल्यात ५६,१०० पासून, दुसऱ्यात ३५,४०० पासून. राज्यात अर्थ व सांख्यिकी संचालनालय आहे. दरवर्षीची 'महाराष्ट्राची आर्थिक पाहणी' तेच काढतं. ती तिने आतापासून वाचावी. एम.एस्सी. मात्र करावीच, सांख्यिकी सेवा परीक्षेचे संख्याशास्त्राचे पेपर त्या तोडीचे असतात. लाखो रुपयांचा डेटा सायन्सचा कोर्स नको. आकडेमोडीचं आर आणि नकाशांचं क्यूजीआयएस ही सॉफ्टवेअर फुकट आहेत, घरी शिकता येतात.

केंद्राच्या नोकरीत बदली देशात कुठेही होऊ शकते. तेवढं घरात आधीच बोलून घ्या.