क्लँगचं चालतं, जीसीसीचं का अडतं?

प्रश्न: सातपूरला एका छोट्या कंपनीत लिनक्स सर्व्हर बघतो. ईबीपीएफ प्रोग्राम (लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये चालणारा छोटा प्रोग्राम) क्लँग या कंपायलरने बनवला की कर्नल घेतो, जीसीसी या दुसऱ्या कंपायलरने बनवला की व्हेरिफायर (प्रोग्राम चालवण्याआधी सुरक्षित आहे का ते तपासणारा कर्नलचा भाग) नाही म्हणतो. कोड तर तोच! – एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर: कोड तोच हो, पण बाइटकोड (कंपायलर त्या कोडचा जो करतो तो) तोच नाही ना भाऊ. व्हेरिफायर तुमचा सी भाषेतला कोड बघतच नाही, कंपायलरने काढलेल्या इन्स्ट्रक्शन्स तपासतो, आणि ऑप्टिमायझरने (कोड वेगवान करणारा कंपायलरचा भाग) जास्त हुशारी करून बाउंड्स चेक (मेमरीच्या हद्दीबाहेर जात नाही ना, ही तपासणी) इकडचा तिकडे केला किंवा स्टॅक (प्रोग्रामची तात्पुरती मेमरी) ५१२ बाइटच्या वर गेला की संपलंच. क्लँग ज्यावर चालतो त्या एलएलव्हीएममध्ये ईबीपीएफचा बाइटकोड काढणारा भाग (बॅकएंड) २०१५ पासून आहे, जीसीसीत २०२० ला आला, म्हणून जुळवाजुळव अजून चालूय. २०२४ ला ईबीपीएफच्या इन्स्ट्रक्शन सेटचा आरएफसी ९६६९ (नेमक्या इन्स्ट्रक्शन्स ठरवणारा अधिकृत दस्तऐवज) आला ते बरं झालं, पण व्हेरिफायरला काय पटेल ते त्यात नाहीये! सध्या कामाला क्लँगच ठेवा, नवं जीसीसी बाजूला ट्राय करत राहा.