आधी सगळे उघड करा, मग सही करा

प्रिय मुली,

विवाहपूर्व कराराचा विषय काढताच "म्हणजे तुझा माझ्यावर विश्वास नाही" असे तुझा होणारा नवरा म्हणाला आणि तेव्हापासून तू गप्प आहेस, हे वाचून मी अस्वस्थ झाले. करार करावा की नाही, असे तू विचारतेस. पण त्याच्या डोक्यावर किती कर्ज आहे, तो कोणाला जामीन राहिला आहे, आईवडिलांना दरमहा किती देण्याचे त्याने कबूल केले आहे, हे तुला ठाऊक आहे का? आणि तुझ्या शैक्षणिक कर्जाचा नेमका आकडा त्याला? सगळे उघड करा. कराराचा सर्वांत मोठा लाभ माझ्या मते हाच, की पुढे बँकेच्या नोटिशीतून कळायच्या गोष्टी लग्नाआधी एकमेकांच्या तोंडून कळतात.

लग्नापूर्वीची मिळकत आणि वारशाने येणारी मालमत्ता वेगळी राखता येते, आधीच्या लग्नाच्या मुलांचा वाटा निश्चित करता येतो, हे तू वाचलेच असशील. मात्र असा करार श्रीमंताच्या रक्षणासाठी असतो, हा समज डोक्यातून काढून टाक. उद्या मुलांसाठी तुमच्यापैकी एकाने नोकरी सोडली, तर त्या वर्षांचे मोल काय, घरात त्या व्यक्तीचा हिस्सा किती, हे दोघेही कमावते असताना आणि मनात प्रेम असताना ठरवणे जितके न्याय्य होते, तितके वकिलांच्या नोटिसा सुरू झाल्यावर होत नाही.

कायदाही याच उघडेपणाकडे पाहतो. अमेरिकेतील राज्यांनी स्वीकारावा म्हणून आखलेल्या १९८३ च्या नमुना कायद्यानुसार, करार उघडउघड अन्याय्य असेल आणि दुसऱ्या बाजूच्या मालमत्तेची व देण्यांची रास्त माहिती सही करणाऱ्या व्यक्तीला मिळालेली नसेल, ती मिळवण्याचा हक्क तिने लेखी सोडलेलाही नसेल आणि इतर मार्गानेही ती तिला कळणे शक्य नसेल, तर तो तिच्यावर लादता येत नाही. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली रॅडमाकर खटल्यात, स्वेच्छेने आणि परिणामांची पूर्ण जाणीव ठेवून केलेला करार, तो लागू करणे अन्याय्य ठरत नसेल तर, मानावा असे म्हटले. देशागणिक नियम बदलतात, म्हणून दोघांचे वकील वेगळे असू द्या आणि लग्नाच्या तोंडावर घाईने सही करू नका. कॅलिफोर्नियात तर अंतिम मसुदा हाती पडल्यापासून सहीपर्यंत किमान ७ दिवस जावे लागतात. मुलांचा ताबा आणि त्यांचा निर्वाहखर्च मात्र करारात आधीच बांधून टाकण्याचा प्रयत्न करू नका. तिथे न्यायालय मुलांचे हित पाहते.

माझ्या लग्नाआधी मी मालमत्तेची आणि देण्यांची यादी मागितली, तेव्हा मला हिशेबी म्हटले गेले. सासऱ्यांशी तुटलेले बोलणे पुन्हा कधी जुळले नाही, याची खंत मला आजही आहे. तरी तो हट्ट योग्यच होता. पुढे यजमानांचा व्यवसाय बुडाला तेव्हा आमच्या घरात तंगी आली, पण "हे मला सांगितले का नाहीस" हा प्रश्न कधी आला नाही. मला हिशेबी म्हणणाऱ्यांच्या घरांत तो आलेला मी पाहिला आहे.

म्हणून रुसवे पुरे झाले. सगळे उघड करा, आणि सुरुवात तू कर. आज रात्री तुझी मिळकत, कर्ज, विमा, घरच्यांना दिलेले शब्द, सगळे एका कागदावर लिही आणि तो कागद त्याने मागायच्या आत त्याच्या हातात दे. त्याची यादी येईपर्यंत कलमांविषयी एक शब्दही बोलू नकोस.

तुझी,
मावशी