आरसा बाहेर सरकवायचा, पण थरथर वाढू द्यायची नाही

आपल्या 150 सीसी मोटरसायकलबाबत आपण तीन गोष्टी विचारल्या आहेत. आरशात मागच्या रस्त्यापेक्षा स्वतःची कोपरेच जास्त दिसतात, वेग साठच्या पुढे गेला की प्रतिमा पुसट होते, आणि हे घरच्या घरी सुधारावे की सरळ हँडलच्या टोकाला बसणारे गोल आरसे घ्यावेत, असा आपला प्रश्न आहे. यांतील पहिल्या दोन तक्रारी एकमेकींच्या मुळावर उठणाऱ्या आहेत आणि बहुतेकांचा खटाटोप तिथेच फसतो. कोपर टाळण्यासाठी आरशाची लांब दांडी बसवली की थरथर वाढते, आणि थरथर घालवण्यासाठी आखूड दांडी घेतली की कोपर पुन्हा आडवे येते.

एका टोकाला पक्क्या धरलेल्या दांडीचा ताठपणा लांबीच्या घनाच्या प्रमाणात घटतो, म्हणजे दांडी सव्वापट लांब केली तर तो जवळजवळ निम्म्यावर येतो. जाडीचा परिणाम त्याहून मोठा, चौथ्या घाताचा असतो; 8 मिमीच्या जागी 10 मिमीची भरीव दांडी जवळजवळ अडीचपट ताठ भरते. एकाच सिलिंडरचे इंजिन मिनिटाला 6000 फेरे घेत असेल तर हँडलला सेकंदाला 100 धक्के बसतात, आणि आरसा व दांडी यांची नैसर्गिक वारंवारता (धक्का दिल्यावर ती आपणहून सेकंदाला जितक्या वेळा हलतात ती संख्या) इंजिनाच्या धक्क्यांशी जुळली की प्रतिमा विरघळते. गिअर बदलल्यावर त्याच वेगाला आरसा पुन्हा स्वच्छ दिसत असेल, तर दोष काचेत नसून या जुळणीत आहे असे समजावे.

म्हणून दांडीला हात न लावता तिचा पायाच बाहेर सरकवावा, हे माझे मत आहे. त्यासाठी 8 मिमी जाडीची आणि 25 मिमी रुंदीची लोखंडी पट्टी घ्यावी आणि तिच्यात 40 मिमी अंतरावर दोन भोके पाडावीत. एक साधे, 10.5 मिमीचे, ज्यातून बोल्ट जाऊन क्लच-ब्रेकच्या लिव्हरच्या होल्डरमधील आरशाच्या मूळ जागी बसेल. दुसऱ्यात आटे पाडायचे, ज्यात आरशाची दांडी येईल आणि वरून तिचा चेकनट, म्हणजे दांडी सैल होऊ न देणारा नट, आवळला जाईल. पातळ पट्टी स्वतःच लवते, त्यामुळे जाडीत काटकसर करू नये. कोपरे कानशीने पूर्ण गोल करावेत, कारण पडण्याच्या वेळी ही पट्टी छातीच्या उंचीवर असते. पावडर कोटिंग करून घेतले तर उत्तम, नाहीतर पुण्याच्या पहिल्याच पावसाळ्यात ती गंजायला लागेल.

आट्यांच्या बाबतीत मात्र फार सावध राहावे. आपल्याकडच्या बहुतेक मोटरसायकलींच्या आरशाला 10 मिमी व्यासाचे, 1.25 मिमी पिचचे (पिच म्हणजे लगतच्या दोन आट्यांमधले अंतर) आटे असतात, तर हार्डवेअरच्या दुकानात नुसता ‘दहाचा बोल्ट’ मागितला की 1.5 पिचचा हातात पडतो. तो पहिले दीड-दोन फेरे गुमान आत जातो, मग घट्ट लागतो, आणि आपण पाना लावून जोर केला की ॲल्युमिनियमच्या होल्डरमधले आटे मरतात. त्यानंतर बहुधा होल्डरच बदलावा लागतो. बोल्ट बोटांनी शेवटपर्यंत फिरला पाहिजे, नसेल फिरत तर तो चुकीचा आहे. पट्टीत 1.25 पिचचे आटे पाडायचे असतील तर आधी 8.8 मिमीचे ड्रिल वापरावे. घरी टॅप (आटे पाडायचे हत्यार) नसेल तर लेथवाल्याकडून करून घ्यावे, त्याला ते चहा पिता पिता जमते. बोल्टची लांबीही बेतून घ्यावी, म्हणजे खालून बाहेर येऊन तो लिव्हरला घासणार नाही. यामाहाच्या अनेक गाड्यांत उजव्या आरशाला उलटे आटे असतात. तसे असल्यास उलट्याचे सुलटे करणारा ॲडॉप्टर नाना पेठेत मागावा.

एवढे करूनही थोडी थरथर राहिली, तर आरशाच्या कवचात आतून चाक बॅलन्सिंगची चिकटवजने लावून पाहावीत. वजन वाढल्याने वारंवारता खाली उतरते आणि थरथर आपल्या नेहमीच्या वेगापासून दूर सरकवता येते. हा उपाय अंदाजाचा आहे, एकेक वजन लावून गाडी चालवूनच ठरवावा लागतो.

काच बदलण्याच्या फंदात पडू नये. घरगुती सपाट आरशाचा तुकडा कापून बसवणारे आहेत. त्यात अंतर खरे दिसते, पण दृश्य इतके अरुंद होते की शेजारच्या लेनमधली गाडी दिसतच नाही. उलट बहिर्गोल काचेत मागचे वाहन असते त्याहून दूर भासते. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलाकडे उतरताना मागचा ट्रक आरशात चिमुकला दिसला, तरी लेन बदलण्यापूर्वी मान वळवून पाहावेच. सुटलेली काच पुन्हा चिकटवायची झाल्यास व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकोन वापरू नये, त्यातले आम्ल पाठीमागचा मुलामा खाते. न्यूट्रल सिलिकोन मागून घ्यावे.

आरसा जुळवताना हेल्मेट आणि नेहमीचे जाकीट घालून, दोन्ही हात हँडलवर ठेवून बसावे. क्षितिज काचेच्या मध्याशी आणावे आणि आतल्या कडेला कोपराची अगदी बारीक कड राहू द्यावी, कारण मागचे वाहन आपल्या कोणत्या बाजूला आहे हे त्या कडेवरूनच चटकन कळते.

राहिला प्रश्न हँडलच्या टोकाच्या गोल आरशांचा. महामार्गावर त्यांतून कोपराचा अडथळा जवळजवळ नाहीसा होतो, हे खरे. पण गाडीची रुंदी वाढते, आणि लक्ष्मी रोडवर किंवा तुळशीबागेच्या पार्किंगमध्ये शेजारच्या हँडलांत ते अडकणारच. शिवाय ते बसवताना टोकाची मूळ वजने काढावी लागतात, ती हँडलची झिणझिण कमी करण्यासाठीच दिलेली असतात. तरीही घ्यायचे असतील तर हँडलच्या नळीचा आतला व्यास व्हर्नियरने (बारीक मापे घेण्याच्या साधनाने) मोजूनच घ्यावेत, आणि खाली वळवून बसवणार असाल तर हँडल दोन्हीकडे पूर्ण फिरवून आरसा टाकीला किंवा गुडघ्याला लागतो का ते पाहावे. उजवीकडे ॲक्सिलरेटरची मूठ आणि आरशाचा क्लॅम्प यांत दोनेक मिलिमीटरची फट ठेवावी. क्लॅम्प मुठीला चिकटला तर ॲक्सिलरेटर सोडल्यावर मागे येत नाही, म्हणून इंजिन सुरू करण्याआधी हँडल डावीकडे, उजवीकडे आणि सरळ अशा तिन्ही स्थितींत मूठ पिळून सोडून पाहावी.