पाळी गेल्यावर योगाने हाडं भरतात का?

तुम्ही विचारलंय, पाळी जाऊन चार वर्षं झाली, हाडांच्या घनतेच्या तपासणीत टी-स्कोअर (हाड किती भरीव ते सांगणारा आकडा) उणे २.१ आलाय, तर नुसत्या योगावर भागेल का. मी डॉक्टर नाही, परभणीची ५९ वर्षांची बाई आहे, पण यातून गेलेय.

उणे १ ते उणे २.५ म्हणजे हाड विरळ झालंय, उणे २.५ आणि त्याखाली गेलं की ठिसूळ म्हणतात. गोळ्या लागतील का, ते डॉक्टरांनाच ठरवू द्या.

माझं मनगट न्हाणीत मोडलं. ओली शहाबादी, पाय सटकला, हात टेकला अन् कट्! प्लास्टर निघाल्यावर मंदिरातल्या योगवर्गाला गेले, तर पहिल्याच दिवशी पश्चिमोत्तानासन. कपाळ गुडघ्याला लावा म्हणून मागे लागलेले. डॉक्टरांना सांगितलं तर ते माझ्यावरच चिडले. विरळ मणका पुढे वाकवला की पुढून चेपतो म्हणाले. तेव्हापासून पुढे वाकायचं, कमरेला जोरात पीळ द्यायचा, हलासन, शीर्षासन, सगळं बंद.

हाडाला भार लागतो. अनुलोम-विलोमाने जिवाला बरं वाटतं, पण मांडीच्या हाडाला त्याचा पत्ताही नसतो. उभ्याने करायचं ते वीरभद्रासन, उत्कटासन, वृक्षासन. पालथं पडून भुजंगासन, तेही बेताचं. माझा भर वृक्षासनावर, कारण मनगट काय, खुबा काय, मोडतो तो बहुधा पडूनच, आणि तोल साधला की पडणं कमी होतं. आधी चौकट धरूनही चार आकडे होईस्तोवर पाय खाली यायचा. आता कुकरची शिट्टी होईपर्यंत उभी राहते. सुनेला हसू येतं, येऊ द्या.

एक विचारते, राग मानू नका. गर्भाची पिशवी काढलीय का? आपल्याकडे तिशीतच काढलेल्या बाया कमी नाहीत. २०१९ साली बीडच्या ऊसतोड बायांवरून केवढा गवगवा झाला होता. पिशवीबरोबर अंडाशयही काढले असतील तर हाडं जपणारं इस्ट्रोजेन हे संप्रेरक एकदम तुटतं आणि हाडांची झीज लवकर सुरू होते. जुने कागद डॉक्टरांना दाखवा.

ज्वारीच्या भाकरीत कॅल्शियम नावालाच. आपल्या वयाला दिवसाला १२०० मिलिग्रॅम लागतं, म्हणून दूध-दही, तिळाची चटणी, अधूनमधून नाचणी. ड जीवनसत्त्वही तपासून घ्या.

आणि वर्गाचे पैसे भरण्याआधी न्हाणीतली फरशी बदला. मी खडबडीत बसवलीय, शेजारी धरायला दांडाही ठोकलाय.