अल्पदृष्टी असलेल्यांसाठी काम करायचे आहे, शिक्षण कोणते घ्यावे?

प्रश्न : मी कोल्हापुरात बारावी विज्ञान शाखेत शिकते. आजीच्या दृष्टिपटलाचा मध्यभाग खराब झाला असून चष्म्याने फरक पडत नाही. भिंग वापरायला शिकवल्यापासून ती वर्तमानपत्राचे मथळे वाचते. मला हेच काम करायचे आहे. त्यासाठी नीट देऊन डॉक्टरच व्हावे लागेल का?

उत्तर : नाही. नेत्रतज्ज्ञ आजारावर उपचार करतात. उपचारांनंतर जी दृष्टी उरते, तिचा रोजच्या जगण्यात उपयोग करून देणे हे स्वतंत्र काम आहे आणि त्याकडे जाणारे प्रमुख मार्ग दोन आहेत. पहिला ऑप्टोमेट्रीच्या, म्हणजे नजर तपासून चष्मा, भिंग अशी साधने सुचवण्याच्या शास्त्राच्या पदवीचा, जी बारावी विज्ञाननंतर घेता येते. दुसरा दृष्टिदोष या विषयातील विशेष शिक्षणाचा, म्हणजे अंध आणि अल्पदृष्टी असलेल्यांना शिकवण्याच्या प्रशिक्षणाचा, ज्याच्या अभ्यासक्रमाला भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता आहे का, हे प्रवेशापूर्वीच तपासून घ्यावे.

तुझा कल पाहता मी ऑप्टोमेट्री सुचवीन, कारण साधन सुचवण्यामागे मोजमाप असते. १० डायॉप्टरचे (डायॉप्टर हे भिंगाची शक्ती मोजण्याचे एकक) भिंग कागदापासून सुमारे १० सेंटीमीटरवर धरावे लागते. हे कोणी सांगितले नाही, तर माणूस ते पुढेमागे करत राहतो, अक्षरे पुसट होतात आणि भिंग कपाटात जाते. हात थरथरत असेल, तर कागदावर टेकवून ठेवायचे स्टँडचे भिंग बरे. आजी मथळ्यांपुढे जाऊ शकत नसेल, तर भिंगाची शक्ती कमी पडत असण्याची शक्यता आहे. तिला अल्पदृष्टी तपासणीसाठी घेऊन जा आणि ती तपासणी स्वतः नीट पाहा.

मात्र भिंगाने सगळे भागत नाही. पांढरा रस्सा पांढऱ्या वाटीत वाढला की वाटी कुठवर भरली ते कळत नाही, गडद वाटीत कळते. गॅसच्या बटणावर उंचवट्याचा ठिपका चिकटवला की ज्योत किती ठेवली ते बोटाला समजते. शंभराच्या नव्या नोटेच्या कडांना चार आणि पाचशेच्या नोटेला पाच उठावदार तिरप्या रेघा असतात. शिवाय नोट ओळखून सांगणारे रिझर्व्ह बँकेचे ‘मनी’ हे ॲप २०२० पासून उपलब्ध आहे. केएमटीच्या शहर बसची पाटी वाचण्यासाठी एका डोळ्याला लावायची छोटी दुर्बीण उपयोगी पडते, पण चालत्या बसवर ती रोखायला सराव लागतो आणि तो सराव चिकाटीने करून घेणारे माणूस लागते.

नोकरीविषयी स्पष्ट सांगते. केवळ अल्पदृष्टीच्या कामावर सुरुवातीला पोट भरेलच असे नाही. चष्म्याचे नंबर काढण्याचे काम जोडीला ठेवून हा विभाग हळूहळू वाढवावा लागेल. म्हणून महाविद्यालय निवडताना इमारत आणि शुल्क यांच्याआधी एकच गोष्ट विचार : तिथे अल्पदृष्टीचे स्वतंत्र क्लिनिक आहे का, आणि विद्यार्थ्यांना रुग्णांकडून साधनांचा सराव प्रत्यक्ष करून घेता येतो का?