ऑफिसच्या इमारतीची घरपट्टी तिप्पट झाली, हरकत कशी घ्यायची?

प्रश्न : रामराम दादा. आमचं मूळ गाव रावेर तालुक्यात, केळी अजून आहे, पण वडिलांनी पंधरा-सोळा वर्षांपूर्वी शहरात महापालिका हद्दीत मेन रोडला ऑफिसची बिल्डिंग बांधली. खाली पार्किंग, पहिल्या मजल्यावर बँकेची शाखा, दुसऱ्यावर एक सीए आणि एक कोचिंग क्लास, तिसरा मजला मागच्या दिवाळीपासून रिकामाच आहे. घरपट्टी वर्षाला 70 हजाराच्या आसपास यायची. मध्ये सर्व्हेवाली पोरं टॅब घेऊन आली, फोटो काढले, मोजलं आणि आता नोटीस आली त्यात करयोग्य मूल्य (ज्या रकमेवर कर बसतो ती) जवळपास तिप्पट धरलंय. टॅक्स विभागात गेलो तर म्हणे सिस्टीमनेच काढलंय, आमच्या हातात काही नाही. एक जण म्हणतात बिलच भरू नका, दुसरे म्हणतात डायरेक्ट कोर्टात जा. वडील टेन्शनमध्ये आहेत. काय करू? (रावेर तालुक्यातील एक वाचक)

उत्तर : भाऊ, सगळ्यात आधी नोटिशीवरची तारीख आणि ती तुमच्या हातात कधी पडली ती तारीख, दोन्ही एका कागदावर लिहून ठेवा, पाकीट असेल तर तेही टाकून देऊ नका. मूल्य वाढवलं की मालकाला विशेष नोटीस द्यावी लागते आणि लेखी हरकत घ्यायची मुदत त्यातच लिहिलेली असते, सहसा 21 दिवस. ही मुदत बोलाचालीत निघून जाते हे मी फार वेळा बघतो. माणूस नगरसेवकाकडे जातो, साहेबांना भेटतो, साहेब म्हणतात बघू, आणि तोवर तारीख गेलेली असते. भेटायचं तर भेटा पण हरकतीचा अर्ज आधी आवक विभागात द्या आणि पोच घ्या, शिक्का आणि आवक नंबर असलेली. तोंडी बोललेल्याला इथे काहीच किंमत नाही.

आता अर्जात काय लिहायचं ते महत्त्वाचं. "टॅक्स फार जास्त आहे, परवडत नाही, कमी करावा" असं लिहू नका. बहुतेक लोक हेच लिहितात आणि त्यांचे अर्ज एका ओळीत निकाली निघतात. कराचा टक्का महासभा, म्हणजे नगरसेवकांची सभा, ठरवते, सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्याला तो कमी करताच येत नाही, मग त्यावर भांडून काय उपयोग. भांडायचं ते करयोग्य मूल्यावर. आणि ते मूल्य सिस्टीम स्वतःच्या मनाने काढत नाही, कोणीतरी त्यात क्षेत्रफळ, वापर, बांधकामाचं वर्ष आणि दर भरलेला असतो. त्या चारपैकी काय चुकलंय ते शोधा.

हिशोब तसा सरळ आहे. जळगाव, धुळे या महापालिका 1949 च्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाखाली येतात. करयोग्य मूल्याच्या पद्धतीत, ती जागा वर्षभर भाड्याने दिली तर वाजवी भाडं किती येईल ते धरायचं आणि त्यातून दुरुस्ती वगैरे सगळ्यापोटी 10 टक्के वजा करायचे. जे उरतं ते करयोग्य मूल्य, आणि त्यावर सर्वसाधारण कर, पाणी, सफाई, वर शिक्षण कर, बिगरनिवासी असल्यामुळे रोजगार हमीचा कर, असे सगळे टक्के लागतात. म्हणून वर एक आकडा चुकला की खालची प्रत्येक ओळ चुकते.

तुमच्या बिल्डिंगमध्ये मला पहिला संशय पार्किंगचा येतो. समजा तुमचे तीन मजले 150 चौरस मीटरचे म्हणजे एकूण 450, आणि सर्व्हेत खालचं 135 चौरस मीटर पार्किंगही ऑफिस म्हणून धरलं, म्हणजे 585 झालं. दर महिना चौरस मीटरला 100 रुपये धरला तर 585 वर वर्षाचे 7,02,000, त्यातून 10 टक्के गेले की 6,31,800. तेच 450 वर 5,40,000 आणि वजावट करून 4,86,000. फरक 1,45,800 चा. सगळे कर मिळून 40 टक्के धरले तर वर्षाला 58,320 रुपये नुसत्या पार्किंगचे जास्त जातात, आणि एकदा रजिस्टरला चढलं की दरवर्षी जातात. हे आकडे मी समजावण्यासाठी घेतलेत, तुमचे तुम्ही टाकून बघा.

त्यासाठी मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरायला मिळालेली परवानगी) काढा, एखाद्या आर्किटेक्ट किंवा सिव्हिल इंजिनिअरकडून मजल्यानुसार मोजमाप करून सही-शिक्क्याचा तक्ता घ्या. जिना, लिफ्टची जागा, गच्चीवरची टाकी हे कशात धरलंय तेही बघा. महापालिकेकडे अर्ज करून असेसमेंट रजिस्टरचा (कर आकारणीच्या नोंदवहीचा) उतारा, सर्व्हेचं मोजणीपत्रक आणि तुमच्या भागाचा दरतक्ता मागा. सरळ मिळालं तर ठीक, नाही तर माहिती अधिकारात टाका, त्यात 30 दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. पण त्या उत्तराची वाट बघत हरकत थांबवू नका, हरकतीतच लिहा की मोजणीपत्रक मागितलंय, मिळाल्यावर पुरवणी म्हणणं देऊ. एक सांगतो, रागावू नका, पार्किंगमध्ये तुम्ही खरंच शटर टाकून गाळे काढले असतील तर हा मुद्दा जपून घ्या, कारण विनापरवाना बांधकामावर कलम 267अ खाली दुप्पट कराची शास्ती, म्हणजे दंड, लागू शकते.

दुसरी जागा म्हणजे बँकेचं भाडं, आणि इथे खरी गोम आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 चा, पण बँका, सरकारी कंपन्या आणि ज्यांचं भरणा भांडवल (भागधारकांनी प्रत्यक्ष भरलेलं) 1 कोटी किंवा त्याहून जास्त आहे अशा कंपन्यांना दिलेल्या जागांना तो लागू नाही. जिथे भाडे कायदा लागू असतो तिथे प्रमाण भाड्याच्या, म्हणजे त्या कायद्याने ठरणाऱ्या भाड्याच्या, वर वाजवी भाडं धरता येत नाही असं सुप्रीम कोर्टाने 1980 मध्ये दिवाण दौलतराय कपूर यांच्या केसमध्ये सांगितलंय. जिथे लागू नाही तिथे प्रत्यक्ष भाडं धरता येतं, हे 1998 च्या ईस्ट इंडिया कमर्शियल कंपनीच्या निकालात आलंय. म्हणजे बँकेच्या मजल्याला बँकेचं भाडं धरलं तर त्यावर तुम्हाला फार बोलता येणार नाही. पण बँकेच्या करारातला दर उचलून सीएच्या ऑफिसला, क्लासला आणि रिकाम्या मजल्यालाही लावला असेल तर ते चूक आहे आणि तिथे ठामपणे भांडा. बँक तळाशी-पहिल्या मजल्याला, रोडला, लॉकर-स्ट्राँगरूमच्या सोयीसाठी जास्त पैसे मोजते, दुसऱ्या मजल्यावरच्या क्लासवाल्याने कधीच तेवढं दिलं नसतं. प्रत्येक मजल्याचा भाडेकरार वेगळा जोडा. बँकेच्या करारातही जनरेटर, मेंटेनन्स, फर्निचर यांचे पैसे भाड्यातच मिसळलेत का बघा, ते वेगळे दाखवा. आणि भाड्याच्या बिलावरचा 18 टक्के जीएसटी हे भाडं नाही, तो सरकारचा पैसा आहे, बँक स्टेटमेंटवरून आकडा घेताना तो आत आला असेल तर तो काढायला लावा.

रिकाम्या मजल्याचं म्हणाल तर दिवाळीपासून रिकामा आहे हे तुम्हाला माहीत आहे पण महापालिकेला लेखी कळवलंय का? जागा रिकामी झाली की तशी लेखी सूचना द्यायची असते आणि सूचनेच्या आधीच्या काळाची सूट मागता येत नाही. दिली नसेल तर आजच द्या, सोबत त्या मजल्याची वीजबिलं जोडा, रीडिंग हलत नाही हे त्यातून दिसतं.

सुनावणीला वडिलांची तब्येत बरी असेल तर त्यांनाच न्या, नसेल तर त्यांच्या सहीचं अधिकारपत्र घेऊन तुम्ही जा. सगळं लेखी द्या, शांतपणे बोला, आणि सुनावणी झाल्यावर निर्णयाची नक्कल मागितल्याशिवाय उठू नका. "कमी केलंय, बिलात येईल" यावर विश्वास ठेवून घरी आलेली माणसं मला नंतर भेटतात आणि वाईट वाटतं, कारण पुढची मुदत फार छोटी असते. निर्णय पटला नाही तर महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 406 खाली न्यायाधीशांकडे, म्हणजे आपल्याकडे वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायालयात, अपील आहे आणि त्याला फक्त 15 दिवस आहेत. त्याच्या अटी कडक आहेत, आधी आयुक्तांकडे हरकत घेतलेली आणि निकाली निघालेली पाहिजे, आणि बिल आलेलं असेल तर त्यातली रक्कम जमा केलेली पाहिजे. रक्कम भरायची ही अट अन्यायाची आहे असं म्हणून लोक सुप्रीम कोर्टापर्यंत गेलेत, पण अनंत मिल्सच्या 1975 च्या निकालात कोर्टाने ती योग्य ठरवली. मला व्यक्तिशः ही अट छोट्या मालकावर जड वाटते, पण कायदा आज असा आहे.

म्हणजे तुमच्या दोन्ही सल्लागारांचं उत्तर यातच आलं. हरकतीशिवाय डायरेक्ट कोर्टात गेलात तर अपील टिकणार नाही. आणि बिल न भरणं तर अजिबात करू नका, थकबाकीवर महिन्याला 2 टक्के शास्ती चढते, 2 लाखाच्या बिलावर महिन्याला 4,000 रुपये. बिल भरा, सोबत पत्र द्या की हरकतीचा हक्क राखून भरतोय, पुढे मूल्य कमी झालं तर जास्तीची रक्कम परत द्यावी किंवा पुढच्या बिलात वळती करावी. त्या पत्राचीही पोच घ्या.

प्रश्न : माझे यजमान दोन वर्षांपूर्वी गेले. नगरपरिषद हद्दीत त्यांच्या नावावर दोन मजली ऑफिसची इमारत आहे, गच्चीवर मोबाईल टॉवर आहे. नव्या आकारणीत टॉवरचाही कर माझ्याच घरपट्टीत लावलाय आणि नोटीस त्यांच्याच नावाने आलीय. मी हरकत घेऊ शकते का? टॉवरला कर लागतो का मुळात? (तापीकाठच्या एका गावातून एक वाचक)

उत्तर : ताई, हरकत घेऊ शकता, वारस म्हणून स्वतःच्या सहीने घ्या, मृत्यू दाखला आणि वारसांचा कागद जोडा. नाव लावण्याचा अर्ज वेगळा द्या, पण नाव लागेपर्यंत थांबू नका. तुमचं काम महापालिकेसारखं चालत नाही, नगरपरिषदांना 1965 चा वेगळा कायदा आहे. तिथे चार वर्षांनी आकारणीची फेरतपासणी होते, यादी प्रसिद्ध होते, त्यावर हरकती घेऊन नगररचना विभागाच्या अधिकाऱ्यासमोर सुनावणी होते आणि नंतर अपील समिती असते. तारखा नोटिशीवरच्याच धरा.

टॉवरला कर लागतो, त्यात वाद उरला नाही, डिसेंबर 2016 मध्ये सुप्रीम कोर्टाने अहमदाबाद महापालिकेच्या केसमध्ये टॉवरवर मालमत्ता कर लावता येतो असं ठरवलंय. पण तो तुमच्या खिशातून जावा असं कुठे आहे? कंपनीसोबतचा करार शोधा, कर कोणी भरायचा ते त्यात लिहिलेलं असतं आणि बहुतेक करारात तो कंपनीवर असतो. हरकतीत टॉवरची वेगळी आकारणी करून कंपनीच्या नावे भोगवटादार, म्हणजे जागा प्रत्यक्ष वापरणारा, म्हणून नोंद करावी अशी मागणी करा, कराराची झेरॉक्स जोडा, आणि कंपनीलाही रजिस्टर पोस्टाने कळवा. यजमानांच्या खात्यात भाडं येत असेल तर करारावरही वारसांची नावं लावून घ्या, नाहीतर कंपनी कोणाशी बोलायचं म्हणून टाळाटाळ करते.

प्रश्न : मी भाडेकरू आहे, ऑफिसची घरपट्टी करारानुसार मीच भरतो. वाढ झाली तरी मालक म्हणतात तुमचं तुम्ही बघा, ते पुण्याला असतात. मी एकट्याने हरकत घेतली तर चालेल का? (धुळ्याहून एक वाचक)

उत्तर : भोगवटादार म्हणून तुमचा संबंध आहेच, त्यामुळे मुदत संपत आली असेल तर तुम्ही तुमच्या नावाने अर्ज देऊन टाका. पण मालकांकडून कुरिअरने एक अधिकारपत्र मागवून घ्या, मोबाईलवर फोटो पाठवला तरी आधी तो जोडा आणि मूळ प्रत सुनावणीच्या दिवशी द्या. अपिलापर्यंत जायची वेळ आली तर मालकाची सही लागेलच असं समजून त्यांच्याशी आत्ताच बोलून ठेवा, आणि नव्या करारात घरपट्टीतली वाढ कोणी किती सोसायची हे कलम घालून घ्या.